उघड्या गेटाबाहेर

अन्ना, शेवटी मारामारीतच मेलास. अम्मा तुला लहानपणापासून सांगत आली, नरसू, तू काही अंथरुणात मरायचा नाहीस. तू हसायचास. आता हस की! काल तुझा दहावा झाला. तू दिसलास की रस्ता बदलणारी माणसं आपल्या ओट्यावर मांडी घालून बसली होती आणि एकमेकांना सांगत होती, नरसय्यासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं. मी आत भिंतीला टेकून ऐकत होते. हाताशी पाण्याचा तांब्या होता. वाटलं, घालावा एकेकाच्या टाळक्यात. तू असतास तर घातलाच असतास.

चेल्ली. धाकटी बहीण. मला पद्मा म्हणून हाक मारलेली आठवत नाही तुला, आणि मलाही. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, भांडणात दोन्ही, असं आपलं चालायचं; पण चेल्ली दोन्हीकडं चेल्लीच. हे मराठीत लिहितेय, कारण बी.ए. मराठी घेऊन झाले आणि नीट रागवायला मला मराठीच सोपं जातं. तुला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं की ऐकायचास, मध्ये मध्ये शिव्या घालत. तर ऐक. शिव्या घालायच्या तर घाल.

तुझं काही चांगलं आठवावं म्हणून बसले की आधी मारच आठवतो. मी तिसऱ्या वर्षी पोलिओनं अधू झाले. डावा पाय आहे, पण असून नसल्यासारखा. गुडघ्यावर हात दाबल्याशिवाय तो पुढं येत नाही. गल्लीतल्या पोरी लंगडी खेळायच्या तेव्हा मी उंबऱ्यात बसून मुग्गू काढायची, आपली ठिपक्यांची रांगोळी. ठिपक्याला वळसा घालत रेघ न्यायची आणि कुठंही तुटू न देता जिथून निघाली तिथं आणून सोडायची. एकदा सगळी सकाळ घालवून दारभर मुग्गू काढला होता. तू कुणाशी तरी मारामारी करून पळत आलास आणि सगळ्या मुग्गूवरून फतक फतक घरात गेलास. मी रांगोळीची दगडी वाटी उचलली आणि तुझ्या कपाळावर हाणली. भळाभळा रक्त आलं. तू येऊन माझ्या पाठीत धपाटे घातलेस, मी तुझ्या मनगटाचा चावा घेतला तो सोडीचना. नायना, आपले वडील, हातमागावरून उठले आणि दोघांनाही बडवलं, अगदी सारखं. माझ्या पायाकडं बघून त्या घरात कुणी हात आखडता घेतला नाही, हे उपकार मी विसरणार नाही. आणि तू? डोळ्यात रक्त उतरलेलं असताना अम्माला म्हणालास, "हिचा नेम बघितला का? बसल्या जागंवरनं!" तुला माझं कौतुकच वाटत होतं, मेल्या.

कॉलेजला तूच न्यायचास, सायकलच्या कॅरिअरवर बसवून. चढावर तू शिव्या घालायचास, उतारावर मी. फाटकाशी पोरं उभी असायची. त्यातल्या एकानं माझी चाल करून दाखवली आणि तू सायकल तशीच सोडून दिलीस. मी कॅरिअरवर होते रे! सायकल आडवी, मी आडवी, आणि तू त्या पोराच्या छाताडावर बसून त्याला तुडवतोयस. प्राचार्यांनी मला बोलावलं, तुला नाही. त्यानंतर कुणी माझी चाल करून दाखवली नाही, हे खरं. पण वर्गातल्या पोरीही माझ्याशेजारी बसायच्या बंद झाल्या. डबा उघडला की माझ्या बाकावर मी एकटी. हे तुला सांगितलं तर म्हणालास, "दे नावं, बघतो त्यास्नी." पोरींना काय बघणार होतास, कप्पाळ?

दुष्काळाच्या साली मी बी.ए. झाले. नायना गेले होते, हातमाग विकला होता. गावं रिकामी होऊन खडी फोडायला बसली होती आणि आपल्या घरात एक पदवी आली होती, जिचं काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. तू मात्र पेढे वाटलेस. आपल्या पूर्व भागात एकेका माणसाला अडवून सांगितलंस, "माझी चेल्ली बी.ए. हाय." एकजण म्हणाला, लग्न कुठं जमायचं नाही म्हणून शिकवली असेल. त्याला तू पेढा भरवलास आणि मग त्याचे दात पाडलेस. क्रम मात्र नीट पाळलास, आधी पेढा.

मग नोकरी शोधायला लागलो. मी शोधायला लागले असं लिहायला पाहिजे, पण तू मला एकटीला कुठं सोडलंस? नाव नोंदवायच्या कचेरीत कारकून म्हणाला, अपंग असल्याचा दाखला आणा. मी गुडघ्यावर हात ठेवून त्याच्यासमोर उभी. म्हटलं, हा काय. तर म्हणाला, हे न्हाय चालत, कागुद पायजे. त्या दिवशी तू बाहेर बिडी ओढत होतास म्हणून तो कारकून अजून धड आहे.

शाळेतल्या नोकरीचं तर डोक्यातून जातच नाही. संस्थेची माणसं टेबलामागं बसली होती. प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, एकानं तर मान डोलावली. मग मधले गृहस्थ म्हणाले, "बाई हुशार आहेत हो. पण वर्गात पोरं चालीची नक्कल करतील, त्याचं काय?" माझ्याजवळ उत्तर तयार होतं, अन्ना. मी म्हणणार होते, करू देत की, दोन दिवसांत कंटाळतील, आणि मग मी शिकवीन. ओठावर आलं होतं. तेवढ्यात दार आपटलं आणि तू आत. टेबल उलटं, शाईची दौत त्या गृहस्थांच्या धोतरावर, आणि तू ओरडतोयस, "नक्कल करून दाव की! तू आधी दाव!" माझं उत्तर माझ्या तोंडातच राहिलं. ते अजून तिथंच आहे. कधी कधी भात कालवताना मी ते मोठ्यानं म्हणते.

आणि मग तुझाच कारखाना. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तू टॉवेलचे माग चालवायचास. तिथं नक्षा काढायला माणूस हवं असं तूच ऐकून आलास. तूच म्हणालास, चेल्ली, मुग्गू काढतीस तेच, फक्त कागदावर. कारखान्यातून ग्राफचे कागद चोरून आणलेस आणि मी रात्रंदिवस चौकोन रंगवत बसले. लई आनंद होता मला त्यात, तुला सांगते. ठिपक्यांच्या जागी चौकोन आले, एवढाच फरक. घेऊन गेलो. मॅनेजरनं कागद बघितलेच नाहीत. माझ्याकडं खालून वर बघितलं आणि म्हणाला, "माग चालू असताना ही तिथं पडली तर पोलीसकेस कोण निस्तरणार?" तू त्याच्या कानशिलात अशी वाजवलीस की माग चालू असतानाही सगळ्यांना ऐकू आली. तुझी नोकरी गेली. माझी लागायच्या आधीच गेली. एमआयडीसीभर विनोद झाला, त्या पोरीला कामावर घ्या, भाऊ फुकट मिळतो.

तेव्हा आपलं जे भांडण झालं ते संपलं नाही अन्ना, ते तसंच पडून आहे. तू हातगाडीवर सुताची गाठोडी ओढून आला होतास, हाताला फोड आले होते. मी जेवायचं ताट तुझ्या अंगावर भिरकावलं. म्हटलं, तुझ्या हातानं मला नोकरी लागत नाही, असलेली जाते. तू म्हणालास, "मग काय करू? बघत बसू? कुणीबी यावं, कायबी बोलावं?" म्हटलं, हो, बघत बस. मला माझं बोलू दे. तू म्हणालास, "तू बोलतीस, ते ऐकत्यात का?" मी तुझ्या शर्टाला धरलं, तू माझे हात पिरगाळलेस, अम्मा मध्ये पडली आणि तिलाच दोघांचं लागलं. ती रडत म्हणाली, माझ्या पोटाला दोन रेडे आले.

त्यानंतर मी तुला न सांगता गेले. तू गाडी ओढायला गेल्यावर कागदांची गुंडाळी काखेत मारली आणि एकटी निघाले. बस, मग चालणं, मग पडणं, मग चालणं. चादरींच्या एका कारखान्यात मालक स्वतः भेटले. त्यांनी कागद टेबलावर पसरले, चारी कोपऱ्यांवर काही ना काही वजन ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिले. पायाकडं बघितलं नाही. मला वाटलं, मी आत्ता रडणार. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "नरसय्या म्हणून एक गुंड हाय, तो तुमचा कोण?" म्हटलं, भाऊ. ते म्हणाले, "खुर्ची देतो. पण तो ज्या दिवशी माझ्या गेटच्या आत पाऊल टाकील, त्या दिवशी तुमची खुर्ची बाहेर."

तुझा हात मी माझ्या डोक्यावर ठेवून घेतला. तू शपथ घ्यायला तयार नव्हतास. म्हणालास, आत काही झालं तर? म्हटलं, झालं तर माझं मी बघीन. तू खूप वेळ हात तसाच ठेवून उभा राहिलास. तुझा हात मारायला उठला नाही असा तेवढाच वेळ असेल. "बरं. न्हाय येत आत. जा," म्हणालास आणि बाहेर जाऊन कुणाच्या तरी कुत्र्याला लाथ घातलीस.

तू शपथ पाळलीस. रोज सकाळी मला गेटाशी सोडायचास, संध्याकाळी यायचास, समोर चहाच्या टपरीवर बसायचास. बसप्पा वॉचमन तुला चिडवायचा, "ये की पावणं, आत ये, च्या पी." तू त्याला आईवरून शिवी द्यायचास आणि दोघं हसायचात. मी बाहेर आले की विचारायचास, आज कुठवर आलं? मी आठवडे आठवडे एकाच नक्ष्यावर बसले होते. हुरड्याची कणसं, वाऱ्यानं एका बाजूला कललेली, हिरवी, पांढऱ्या जमिनीवर. त्या दुष्काळानंतर माझ्या डोळ्यांपुढून ज्वारी हलतच नव्हती. सगळे फुलं काढतात, वेली काढतात, मी कणसं काढली. तू ऐकून सायकल थांबवलीस. "पांघरुणावर ज्वारी? मग लोकांनी झोपायचं का राखण करायची?" आणि इतका हसलास की आपण दोघं पडता पडता राहिलो. मग घरापर्यंत विचारत राहिलास, कणसाचा दाणा कसा दाखवतीस, पानाची कड कशी. तुला ती चादर मागावर उतरताना बघायची होती. तुझे हात मागावरच घडले होते, तुला ते कसं दिसलं असतं! मी म्हटलं, तयार झाली की दाखवते. दाखवायची राहिली.

आता त्या दिवसाचं. लोक काहीबाही सांगतात, म्हणून मी तुला मागचं-पुढचं सगळं नीट सांगते, कारण आत काय झालं ते तुला माहीतच नव्हतं.

नक्ष्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. कार्डं एकापुढं एक ओवून त्यांची साखळी करतात आणि ती मागाच्या डोक्यावर जॅकार्डावर चढवतात. कार्ड फिरेल तसा खाली नक्षा उतरतो. हे तुला मी काय सांगायचं? पण उद्या कुणी दुसऱ्यानं वाचलं तर त्याला कळायला हवं. तर चादर उतरायला लागली आणि सगळे हसायला लागले. कणसं खाली डोकं वर देठ. काठावरचं कारखान्याचं नाव आरशात पाहावं तसं. शंकर जॉबर, मागांवर देखरेख करणारा, मोठ्यानं म्हणाला, "लंगडीनं काढलेला नक्षा, सरळ कसा चालंल?" मालक आले. मी म्हटलं, नक्षा सरळ आहे, साखळी उलटी चढवलीय. शेवटचं कार्ड आधी फिरतंय. शंकर म्हणाला, "असं? मग चढ की वर. दाव कुटं उलटं हाय."

त्याला वाटलं, मी रडत जाईन. अन्ना, मी चढले. त्या लोखंडी शिडीवर दोन्ही हातांनी अंग ओढत आणि पाय मागून फरफटवत चढले. माग थांबवला होता, सगळा कारखाना खाली उभा होता आणि कुणी हसत नव्हतं. वर जाऊन मी कार्डांवरचे आकडे मोठ्यानं वाचले, उलटे. मालकांनी शंकरला सगळ्यांसमोर आईबापावरून सुनावलं. मग त्यांनीच चादर उलटून बघितली. आपल्या चादरीत नक्षा दोन्ही बाजूंनी दिसतो, तर मागल्या बाजूनं सगळं सुलट होतं, नाव, कणसं, सगळं. फक्त रंगांची अदलाबदल. हिरव्या जमिनीवर पांढरी कणसं. मालक म्हणाले, ही बाजू पण बरी हाय, अशीच चालू द्या. तिथं मी गप्प बसायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. पण ती पांढरी कणसं मेलेली दिसत होती. मी वरूनच ओरडले, "मला हिरवी पाहिजेत. साखळी बदला." तुझीच बहीण की मी! मालक हसले आणि शंकरला म्हणाले, बदल. मी उतरून खाली बसून राहिले आणि त्यानं माझ्यासमोर, सगळ्यांसमोर, साखळी उतरवून पुन्हा चढवली. मग हिरवी कणसं उतरायला लागली. एकेक दाणा. मी हात लावून बघितला. त्या क्षणी मला पाय आहेत की नाहीत याचं भानच नव्हतं. बी.ए. झाले तेव्हा वाटलं नव्हतं, शाळा मिळाली असती तरी वाटलं नसतं, असं काहीतरी मला वाटलं, आणि ते मला पळत येऊन तुला सांगायचं होतं.

सुटल्यावर गेटाबाहेर पडले. तू टपरीवरून उठत होतास. शंकर माझ्या मागोमाग आला, बरोबर त्याचे दोघं. "वर चढतीस व्हय गं? आता उभी ऱ्हाऊन दाव," म्हणाला आणि माझ्या अधू पायाला लाथ मारली. मी तोंडावर पडले. पुढचं मी मातीतून बघितलं. तुझी सायकल पडल्याचा आवाज आला आणि मग शंकरच्या नाकाचा. तू त्याला धरून गेटाच्या खांबावर आपटलंस, एकदा, दोनदा. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मार, अजून मार, असं मी ओरडत होते. सगळ्या जन्मात पहिल्यांदा मी तुला मार म्हणाले. मग त्या दोघांनी तुला मागून धरलं आणि शंकर सुटून लोखंडी दांडा घेऊन आला.

बसप्पानं मला काखेत धरून गेटाच्या आत ओढलं. गेट सताड उघडं धरलं आणि ओरडला, "नरसू, आत ये! आत ये, मी लावून घेतो!" तू त्या दोघांना झटकून सुटला होतास. तुझ्यात आणि गेटात काही अंतर नव्हतं. एक ढांग टाकली असतीस तर आत होतास. मीही ओरडले, अन्ना, आत ये. तू माझ्याकडं बघितलंस. दम लागला होता तुला, तोंडातून रक्त येत होतं. म्हणालास, "आत न्हाय. तुझी खुर्ची जाईल."

आणि मागून दांडा बसला.

मूर्खा. गाढवा. आयुष्यात माझं कधी एक ऐकलं नाहीस. शाळेत ऐकलं नाहीस, कॉलेजात नाही, घरात नाही. ऐकायची वेळ तुला हीच सापडली? मी आत ये म्हणत होते की! ते नाही ऐकलंस, आधीचं ऐकलंस. दवाखान्यात तू शुद्धीवर आला नाहीस म्हणून वाचलास, नाहीतर मीच तुला मारलं असतं. तुझं डोकं मांडीवर घेऊन मी तुला चिमटे काढत होते, उठ, उठ, भांड. नर्सनं माझे हात बाजूला केले.

मालक दुसऱ्या आठवड्यात घरी आले. चपला बाहेर काढून, खाली बसून बोलले. माणूस वाईट नाही रे, हेच अवघड आहे. म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण शंकरला फासावर चढवून नरसय्या परत येणार न्हाय. तुमचा जबाब तेवढा ऱ्हायलाय. भाऊ आत घुसला होता, मागावर माणसं होती, त्यास्नी वाचवायला शंकरनं दांडा उचलला, एवढंच सांगा. बाकीच्यांनी तसंच सांगितलंय. कणसांची चादर चांगली चाललीय. तुमची खुर्ची कायम. वर्षाला नवे नक्षे तुम्हीच काढायचे." आणि तसं नाही सांगितलं तर, हे त्यांना बोलावं लागलं नाही. संध्याकाळी बसप्पा आला, मागल्या दारानं. डोकं टेकून रडला. "मीबी तसंच सांगितलंय, ताई. माजीबी पोरं हायत."

अम्मा म्हणाली, सांग तसं. मला वाटलं होतं ती शिव्या घालेल मालकांना. नाही. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "नरसूला आता आत काय नि बाहेर काय? पोरगा गेला. तुझं तरी राहू दे. मी मेल्यावर तुला कोण आहे? ह्या हातांनाच तर काम मिळालंय तुझ्या." खरं बोलत होती. आणि मलाही हवी आहे रे ती खुर्ची. मला त्या खिडकीखालचं टेबल हवंय, ते ओले ब्रश हवेत, कागदावरचं कापडावर उतरताना बघायचं आहे पुन्हा पुन्हा. एवढं हवंसं मला कधी काही वाटलं नव्हतं. मी रात्रभर स्वतःला समजावलं, अन्नाचा जीव माझ्या खुर्चीसाठीच गेला, मग ती टिकवली तर त्याला बरंच वाटेल. हे पटत आलं होतं. मग लक्षात आलं, ती टिकवायची तर मी काय सांगायचं आहे? की तू आत आलास. तू. माझ्या डोक्यावर हात ठेवून. जगात एकच गोष्ट तू माझ्या सांगण्यावरून केलीस आणि मी सगळ्यांसमोर सांगायचं, ती केली नाहीस म्हणून.

अम्माला म्हटलं, अम्मा, त्याला फरक पडतो. ती भिंतीकडं तोंड करून बसली.

आज पोलीस ठाण्यात गेले. चालत गेले, न्यायला तू नाहीस आणि सायकलही पोलिसांकडंच आहे, पंचनाम्यात. हवालदार लिहीत होता, फौजदार विचारत होते. नाव सांगितलं, वय सांगितलं. "भाऊ गेटच्या आत आला होता?" न्हाय साहेब, म्हटलं. त्यांनी पेन हातात फिरवलं. "नीट आठवा. बाकी सगळे आला होता म्हणतात. वॉचमनसुद्धा." म्हटलं, नीटच आठवतंय. तो आत आला नाही. "गेट बंद होतं का?" नाही, उघडं होतं. "मग एवढा मार पडत असताना उघड्या गेटातून माणूस आत का येणार नाही? हे कोण खरं मानील, बाई?" मी सांगितलं, का आला नाहीस ते. तुझे शब्द होते तसे सांगितले. हवालदारानं लिहायचं थांबवलं. फौजदार त्याला म्हणाले, लिही. म्हणालीय तसंच लिही.

सही करायच्या आधी हवालदारानं कागद वाचून दाखवला आणि हळूच मला म्हणाला, "ताई, धंद्याच्या जागंवर कारखान्याचं नाव घातलंय. हा जबाब दिल्यावर त्ये काय ऱ्हायचं न्हाय. काय करू, खोडून 'काही नाही' लिहू?"

म्हटलं, कारखान्याचं नाव खोडा. नक्षा काढते, हे राहू द्या.

"कुटं काढता, काय लिहू?"

म्हटलं, ते अजून शोधायचंय.

सही केली, अन्ना. बाहेर आले. पायऱ्यांवर एक माणूस माझ्या चालीकडं बघून हसला. मी थांबले आणि त्याला विचारलं, काय हसलास? तो गडबडला. म्हणाला, काही नाही ताई. त्याचं उत्तर येईपर्यंत मी उभी राहिले, मध्ये कुणी आलं नाही.